पंचम उतरतोय

बाईंच्या बोटांना संधिवाताने धरलं आणि तंबोऱ्याच्या खुंट्या पिळणं त्यांना जमेनासं झालं. सांगलीत त्यांच्याकडे मी शाळेच्या वयात सात वर्षं गाणं शिकले. सकाळी साडेपाचला त्या मिरजेचा तंबोरा घेऊन बसायच्या आणि वीस-वीस मिनिटं नुसता लावत राहायच्या. आम्ही मुली तेवढा वेळ गप्प. काय ऐकायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही रोज वीस मिनिटं ऐकत होतो, एवढंच.

त्यांच्या घरी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी होती, कुणा शिष्येने दिलेली. ती त्या लावत, पण नाइलाजाने. "हिचा आवाज संपतच नाही गं," त्या एकदा म्हणाल्या, "म्हणून तो सुरू झाल्यासारखाही वाटत नाही." आणि मग एकदम, "तू कॉम्प्युटरवरच काम करतेस ना? मला एक तंबोरा करून दे."

मी तेव्हा पुण्यात बँकांसाठीचं सॉफ्टवेअर लिहीत होते. कर्जाचे हप्ते, व्याज, उशिराचा दंड. ध्वनीचा आणि माझ्या कामाचा काडीचाही संबंध नव्हता. तरी हो म्हणाले. त्या होकाराला आता बारा वर्षं झाली.

सुरुवात मी सगळे करतात तशीच केली. स्टुडिओत चालणारं, पैसे देऊन घ्यायचं एक मोठं सॉफ्टवेअर घेतलं. त्याच्या पडद्यावर डाव्या कडेला पियानोच्या पट्ट्या उभ्या मांडलेल्या असतात आणि उजवीकडे चौकटीच चौकटी. चौकटीत रंग भरला की स्वर वाजतो. दोन चौकटींच्या मध्ये जागा नसते. या रचनेमागे मिडीचा हिशेब आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून १९८३ मध्ये ठरलेली ती निरोपांची पद्धत. तिच्यात प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला एक आकडा असतो. मधली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक म्हणजे ६१. साडेसाठ म्हणायचं असेल तर स्वर वाकवण्याचा वेगळा निरोप पाठवावा लागतो, आणि तो निरोप त्या चॅनेलवर वाजत असलेल्या सगळ्याच स्वरांना एकदम लागू होतो.

बाईंचा सूर काळी चार. म्हणजे सा २०७.६५ हर्ट्झ, आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, १०३.८. खर्ज छेडून कान देऊन बसलं की त्यातून स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार वर येतो. तो मूळ कंपनाच्या बरोबर पाचपट असतो, म्हणजे ५१९ हर्ट्झ. पियानोच्या पट्टीवरचा गंधार मात्र ५२३ वर बसलेला. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्या एका भागाला सेंट म्हणतात. हा फरक चौदा सेंटचा. ऐकायला अगदी सोपा आहे. दोन्ही गंधार एकत्र वाजवा, आवाज सेकंदाला चार वेळा हेलकावतो.

त्या सॉफ्टवेअरला मी दोष देत नाही. ते पट्टीच्या वाद्यांसाठी बांधलेलं आहे आणि तिथे ते उत्तम चालतं. पण मी तंबोरा घेऊन गेले होते, आणि त्या घराला तंबोरा आत नेता येईल असं दारच नव्हतं.

ध्वनी थेट लिहिताही येतो, हे मला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून कळलं. कॉम्प्युटरच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची माळ, सेकंदाला ४४,१०० आकडे. ते आकडे तुम्ही स्वतः काढलेत तर मध्ये पियानो येतच नाही. तारेच्या आवाजासाठी त्याने मला केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांची १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली युक्ती दाखवली. ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा खोटीच वाटते. एका रांगेत वाटेल ते आकडे भरायचे, नुसती खरखर. रांग वाजवत जायचं, आणि वाजवून झालेल्या शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी रांगेच्या शेवटी पुन्हा टाकायची. बस. फिरता फिरता खरखर झिजते आणि तिची तार होते. रांग किती लांब, त्यावर सूर ठरतो. पायथनमध्ये दहा-बारा ओळींत हे लिहून झालं आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रात्री दीड वाजता, कुणीतरी तार छेडली. त्या क्षणाचा आनंद मला अजून तसाच्या तसा आठवतो.

तेव्हा मला आधी हिशेब पूर्ण होऊ द्यावा लागे, मग फाइल तयार होई, मग ऐकायला मिळे. चहा ठेवायचा आणि वाट बघायची. पुढे वाचलं की ही वाट बघणं या कलेच्या जन्मापासूनचं आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी 'म्युझिक' नावाचा पहिला प्रोग्राम लिहिला. आयबीएम ७०४ हे यंत्र न्यूयॉर्क शहरात, आणि आकड्यांचा आवाज करून देणारं उपकरण न्यू जर्सीत त्यांच्या प्रयोगशाळेत. शहरात हिशेब करून घ्यायचा, चुंबकीय टेप गाडीत घालून परत आणायची आणि मग ऐकायचं. त्या प्रोग्रामवर वाजलेली पहिली रचना सतरा सेकंदांची होती. सतरा सेकंदांसाठी एवढी धावपळ करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

चार तारा जमल्या. पंचम, जोडाच्या दोन, खर्ज. छोटा स्पीकर पिशवीत टाकून मी सांगलीला गेले. बाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी बाहेरच्या खोलीत आवाज लावला. त्या उठून आल्यासुद्धा नाहीत. आतूनच म्हणाल्या, "पंचम उतरतोय."

"बाई, पंचम गणिताने काढलाय. साच्या दीडपट, मग त्याच्या निम्मा. चुकणारच नाही."

"मग गणित उतरतंय," त्या म्हणाल्या आणि मेथी निवडत राहिल्या.

परतीच्या गाडीत मी हिशेब घेऊन बसले. पंचमाची तार १५५.७४ हर्ट्झ. ४४,१०० ला तेवढ्याने भागलं तर रांगेची लांबी येते २८३.१७ घरं. रांगेत घर अर्धं-पाव नसतं, म्हणून माझ्या प्रोग्रामने दशांश टाकून २८३ धरले होते. शिवाय दोन आकड्यांची सरासरी काढण्यातच अर्ध्या घराचा उशीर होतो, तो मी जमेलाच धरला नव्हता. म्हणजे रांग प्रत्यक्षात २८३.५ ची झाली आणि पंचम दोन सेंट उतरला. खर्जाचं उलटं झालं. तिथे लांबी ४२४.७५ हवी होती, टाकून राहिले ४२४, उशीर धरून ४२४.५, म्हणजे खर्ज एक सेंट चढा. दोघांत तीन सेंटचं अंतर. खर्जाच्या तिप्पट आणि पंचमाच्या दुप्पट कंपनं एकाच जागी यायला हवीत; ती अर्ध्या हर्ट्झने चुकत होती, आणि त्यामुळे दर दीड-दोन सेकंदांना आवाजात एक मंद हेलकावा येत होता. मेथी निवडताना, भिंतीपलीकडून, बाईंनी तो धरला होता.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. बँकेच्या कामात अपूर्णांक टाकून देणं हा आमच्याकडे गुन्हा मानतात. एका पैशाचा फरक कुठून आला म्हणून मी रात्री जागवलेल्या आहेत. आणि इथे, बाईंच्या पंचमाचा दशांश मी न बघता टाकून दिला होता. अपूर्णांकाचा उपाय डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी त्याच १९८३ मध्ये देऊन ठेवला होता. रांगेच्या शेवटी एक छोटी गाळणी बसवायची, ती घराच्या अंशाएवढा उशीर भरून काढते. दोन दिवसांत पंचम जागेवर आला.

मग मी सुपरकोलायडरकडे वळले, आणि अजून तिथेच आहे. जेम्स मकार्टनी यांनी १९९६ मध्ये ही भाषा आणली आणि २००२ मध्ये तिचा सगळा मूळ कोड लोकांसाठी मोकळा केला. तिच्यात दोन प्रोग्राम वेगवेगळे चालतात. एक भाषा समजून घेतो, दुसरा फक्त आवाज करतो. पहिला दुसऱ्याला निरोप पाठवतो. त्यामुळे आवाज चालू असतानाच तुम्ही ओळ बदलू शकता. माझ्यासाठी हे चहा ठेवणं संपल्यासारखं होतं. तार वाजते आहे, तुम्ही आकडा बदलता, तार तुमच्या कानादेखत बदलते. तंबोरा लावताना खुंटी पिळायची, ऐकायचं, पुन्हा पिळायची, त्याच्याइतकं हे जवळचं आहे. आणि मला हवा तो सूर मी हव्या त्या दशांशापर्यंत लिहू शकते. भाषेला कोमल ऋषभ म्हणजे काय ते माहीत नाही, पण तो कुठे ठेवायचा हे मी सांगितलं तर ती तिथेच ठेवते, जवळच्या पट्टीवर ओढून नेत नाही.

नव्याने शिकणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. पहिल्याच आठवड्यात मी आवाज स्वतःमध्येच परत फिरवणारी एक ओळ लिहिली आणि परतीचं प्रमाण एकाच्या वर ठेवलं. प्रत्येक फेरीला आवाज वाढत गेला, आणि हेडफोन माझ्या कानावर होता. चूक सर्वस्वी माझी. दोन दिवस डाव्या कानात शिट्टी वाजत होती. तेव्हापासून शेवटच्या टप्प्यावर आवाजाची कमाल मर्यादा बांधणारी ओळ मी सर्वांत आधी लिहिते, आणि नवीन काहीही पहिल्यांदा स्पीकरवर, बारीक आवाजात ऐकते. कान दोनच आहेत.

तार जमली, पण तंबोरा जमला नव्हता. जवारी, म्हणजे तारेचं ते झळाळतं गुंजन, नव्हती. कार्प्लस-स्ट्राँगच्या तारेत वरचे स्वयंभू स्वर आधी विझतात आणि खालचे मागे राहतात. गिटारचं तसंच असतं. तंबोऱ्यात छेडल्यानंतर वरचे स्वर फुलतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये कोलकात्याहून यावर एक छोटा निबंध लिहिला होता. जिथे तार छेडली त्या बिंदूवर ज्या स्वयंभू स्वरांचं कंपन शून्य असायला हवं ते स्वर नियमाप्रमाणे ऐकू येऊ नयेत, पण तंबोऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात. आणि याचं कारण घोडीची रुंद, किंचित गोलसर पाठ आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला दोरा. तार घोडीवरून टोकदार कडेवर सुटत नाही, ती घोडीच्या पाठीला चाटत, टेकत, सुटत राहते.

वाचून कळलं, पण हातात आलं नाही. म्हणून मी मिरजेला गेले. सांगलीची असून तंबोरा घडताना मी कधी बघितला नव्हता याची मला लाज वाटली. सतार-तंबोऱ्याच्या त्या गल्लीत छताला भोपळे टांगलेले असतात; ते येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. ज्या कारागिराकडे मी बसले ते तिसऱ्या पिढीतले. त्यांनी घोडीवर कानस एकदा फिरवली, तार चढवली, छेडली, ऐकली, तार उतरवली, पुन्हा कानस. दुपारभर. मी विचारलं, "किती घासायचं ते कसं कळतं?" ते म्हणाले, "घासायचं कमी, ऐकायचं जास्त." मग त्यांनी एकाच तंबोऱ्यावर खुली जवारी आणि बंद जवारी करून ऐकवली, आणि दोऱ्याची जागा केसभर हलवून आवाज कसा उघडतो-मिटतो ते माझ्या हाताने करायला लावलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला ती दुपार आठवली.

बाईंच्या तंबोऱ्याची खर्जाची तार मी वेगवेगळ्या अंतरांवरून रेकॉर्ड केली आणि सॉनिक व्हिज्युअलायझर या मोफत सॉफ्टवेअरवर तिचं चित्र काढलं. उभ्या बाजूला कंपनं, आडव्या बाजूला वेळ, आणि जोर जितका जास्त तितका रंग उजळ. मग दिसलं की एकाच छेडण्यात प्रत्येक स्वयंभू स्वर आपल्या वेळी वर येतो. उजेडाचा एक पट्टा त्या स्वरांवरून हळूहळू सरकत जातो. कानाला जे झळाळणं वाटतं ते हेच. मी कार्प्लस-स्ट्राँगची तार सोडली आणि दुसरा मार्ग धरला. प्रत्येक तारेचे तीस स्वयंभू स्वर वेगवेगळे लिहिले, प्रत्येकाला स्वतःचा उगवण्याचा आणि मावळण्याचा वेळ दिला. चार तारांचे एकशेवीस साधे सूर. सुपरकोलायडरला हे ओझं वाटत नाही, जुन्या लॅपटॉपवरही ते चालतं. पण त्या एकशेवीस सुरांचे वेळ जुळवायला मला अकरा महिने लागले, नोकरी सांभाळून. घासायचं कमी, ऐकायचं जास्त.

बाईंनी या वेळी मेथी खाली ठेवली. बाहेर येऊन बसल्या. बराच वेळ डोळे मिटून होत्या. मग म्हणाल्या, "आवाज बरा आहे. छेडणारं माणूस कुठाय?"

तारांमधलं अंतर मी अगदी एकसारखं ठेवलं होतं. घरी येऊन त्यात अनिश्चितपणा घातला. प्रत्येक वेळी थोडं मागे-पुढे, कसंही. ते आणखी वाईट झालं. नवशिक्या मुलीच्या हातात तंबोरा दिल्यासारखं. मग मी बाईंच्या एका जुन्या कॅसेटवरच्या तंबोऱ्याचे ठोके मोजले. मागे बसून छेडणाऱ्या त्यांच्या शिष्येचा हात अचानक चुकत नव्हता. तो मिनिटभरात हळूच सैलावत होता आणि पुन्हा हळूच भरत होता, श्वासासारखा. फासे टाकल्यासारखा अनिश्चितपणा काढून मी तिथे सावकाश वाहणारा बदल घातला. एका शब्दाचा फरक होता कोडमध्ये. बाई म्हणाल्या, "हां. आता कुणीतरी बसलंय."

पुढे मी नोकरी अर्धवेळ केली आणि नाटकांसाठी, नृत्याच्या कार्यक्रमांसाठी ध्वनी करू लागले. त्या निमित्ताने बाकीच्या भाषाही हाताळल्या. सीसाउंड ही एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी १९८० च्या दशकात लिहिली. मॅथ्यूज यांच्या प्रोग्रामांची ती थेट वारसदार. तिच्यात वाद्य एका ठिकाणी लिहायचं आणि काय वाजवायचं ते दुसऱ्या ठिकाणी. शिस्त चांगली, पण मला ती रियाझाच्या खोलीपेक्षा छापखान्याच्या जवळची वाटते. मिलर पकेट यांच्या प्युअर डेटात ओळी लिहायच्याच नाहीत, डब्यांना दोऱ्या जोडायच्या. नाटकाच्या तालमीत दिग्दर्शकाला दाखवायला ती बरी पडते, कारण आवाज कुठून कुठे जातो ते डोळ्यांना दिसतं. चक ही प्रिन्स्टनमध्ये गे वांग आणि पेरी कुक यांनी घडवली. तिच्यात वेळ पुढे नेणं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात असतं, एका आकड्याइतक्या बारीक अंतराने. लयीवर काम करणाऱ्याने ती जरूर बघावी.

पण मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते टायडल सायकल्सबद्दल. ॲलेक्स मॅक्लीन या ब्रिटिश कलावंताने ही हॅस्केल भाषेवर उभी केली. आज युरोपात रात्रभर नाचणाऱ्या लोकांसमोर पडद्यावर कोड दाखवत, तो बदलत संगीत करतात, त्यात ती फार वापरतात. तिच्यात मूळ माप आहे चक्र. ओळीत किती मात्रा लिहिल्यात याला महत्त्व नाही; जे लिहाल ते एका चक्रात मावतं. पाच शब्द लिहिले तर चक्राचे पाच भाग, सात लिहिले तर सात. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मनात आलं, हे तर आवर्तन आहे, आणि याला हे कुठून सुचलं?

शोधत गेले तेव्हा बोल प्रोसेसर सापडला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जिम किपन हे संशोधक लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. बर्नार बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने त्यांच्याबरोबर एक प्रोग्राम लिहिला. तबल्यातल्या 'कायद्या'चे पलटे, म्हणजे त्या रचनेचे बदलते प्रकार, कसे बनतात याचे नियम त्यात व्याकरणासारखे लिहायचे. प्रोग्राम त्या नियमांतून नवे पलटे काढी. आणि ते बरोबर की चूक हे उस्ताद सांगत. चूक म्हणाले की नियम बदलायचा. कॉम्प्युटरपेक्षा उस्तादांचा शब्द वरचा, ही पद्धतच होती. मेथी निवडणाऱ्या बाई आणि मी, आम्ही नकळत तेच करत होतो. टायडलमध्ये ठोके लिहायची जी खूण-पद्धत आहे, विशेषतः वेगवेगळ्या मात्रांच्या ओळी एकावर एक चालवण्याची, ती बोल प्रोसेसरवरून घेतलेली आहे आणि टायडलवाले ते मोकळेपणाने सांगतात. म्हणजे ज्या तंत्राकडे आपली मुलं बाहेरून आलेली नवलाई म्हणून बघतात, त्याच्या मुळाशी लखनौचा तबला आहे.

बर्नार बेल हे नाव मराठी माणसाने आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्या कामात बेल सामील झाले. गावांत जाऊन ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात आणि त्यांचा कॉम्प्युटरवरचा संग्रह उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तबल्याचे बोल आणि जात्यावरची ओवी, दोन्ही एकाच माणसाच्या हातून कॉम्प्युटरपर्यंत पोचली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. संगीताच्या वर्गात नाही, कॉम्प्युटरच्या तर नाहीच. ही उणीव मला खरोखर टोचते.

'हे आपलं नव्हे' असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं, मुख्यतः गाण्यातल्या मोठ्या लोकांकडून. त्यांना मी अहमदाबादचं उदाहरण देते. १९६९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर आणून इलेक्ट्रॉनिक संगीताची खोली उभी केली आणि गीता साराभाईंसारख्या भारतीयांनी तिथे काम केलं. तिथे झालेल्या कामाच्या टेपा पुढे कित्येक वर्षं विस्मृतीत पडून राहिल्या, हा दोष यंत्राचा नाही.

तीन वर्षांपूर्वी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मी सातवीच्या मुलांसाठी चार दिवसांचा वर्ग घेतला. सॉनिक पाय वापरलं. केंब्रिजमध्ये सॅम ॲरन यांनी २०१२ च्या सुमारास शाळेतल्या मुलांसाठीच ते केलं; आतून त्याला आवाज सुपरकोलायडर पुरवतं. त्यात तबल्याचे तयार आवाज आहेत: ना, घे, के, तुं, ते. वर्गात एक मुलगा भजनी मंडळात पखवाज वाजवणारा होता. त्याने यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाला, "मॅडम, धा नाही यात." मी म्हटलं, "धा कशाने होतो?" त्याने मांडीवर दोन्ही हात टाकून बघितले. उजवा ना, डावा घे. मग त्याने दोन ओळी लिहिल्या आणि मध्ये थांबायची ओळ ठेवली नाही. धा वाजला. वर्गातल्या सगळ्या मुलांनी आपापल्या मांडीवर तो वाजवून बघितला. तासाभरात त्यांचा भजनी ठेका फिरू लागला, आणि तो पखवाजवाला शेजारच्या मुलीला सांगत होता, "तुझा घे उशिरा येतोय, पॉइंट शून्य पाचने कमी कर."

शेवटच्या दिवशी मी पांढरी एकमध्ये लावलेला तंबोरा सुरू केला आणि दोन ओळी लिहिल्या. एक, 'प्ले ६४'. दुसरी, 'प्ले ६३.८६'. आकडे झाकून दोन्ही ऐकवले. मागच्या बाकावरची, चार दिवस एक शब्द न बोललेली मुलगी दुसरा स्वर ऐकून म्हणाली, "हा बसला." तिला सेंट माहीत नव्हते, गंधार माहीत नव्हता.

बाई आता एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्याकडे माझा जुना लॅपटॉप आहे, त्यावर फक्त तो तंबोरा आहे. सकाळी साडेपाचला नात तो सुरू करून देते. मिरजेचा तंबोरा शेजारी गवसणीत उभा असतो आणि दसऱ्याला मी जाऊन तो लावते. दोन्ही एकत्र छेडून बघायची बाईंची आज्ञा आहे. मागच्या दसऱ्याला त्यांनी जोडाच्या दोन तारांमध्ये किंचित फरक ठेवायला सांगितला, "अगदी एक झाल्या की एकच ऐकू येते." मी ०.३ सेंटचा ठेवला. त्यांनी मान डोलावली.

गाणं शिकवणाऱ्या सर्व गुरुजनांना माझी हात जोडून विनंती आहे. सुपरकोलायडर, सीसाउंड, प्युअर डेटा, चक, टायडल, सॉनिक पाय, हे सगळं फुकट उतरवून घेता येतं. घरात किंवा शेजारी कॉम्प्युटर शिकणारं एखादं मूल नक्की असेल. त्याला एक संध्याकाळ जवळ बसवा. तुम्हाला एक अक्षरही टाइप करायचं नाही. त्याने जे वाजवलं ते ऐका आणि काय उतरलंय ते सांगा.